कामेच्छेची औषधं आणि बीपी: या चुका टाळा

रात्री औषध घ्यायचं आणि बीपी दुसऱ्या दिवशी अकरा वाजता ओपीडीत मोजायचं, ही चूक बघून मी थकले आहे. वहीत ‘नॉर्मल’ लिहिलेलं असतं. कधीचं, ते कोणीच लिहीत नाही.

बायकांची कामेच्छा मावळते त्यावरच्या दोन औषधांना पाळी सुरू असलेल्या बायकांसाठी अमेरिकेत मंजुरी मिळाली, २०१५ आणि २०१९ मध्ये. बीपीच्या बाबतीत दोघांची तऱ्हा उलटी. फ्लिबान्सेरिनची १०० मिलिग्रॅमची गोळी झोपताना घ्यायची, तिने बीपी उतरू शकतं. ब्रेमेलॅनोटाइडचं इंजेक्शन संबंधाच्या निदान ४५ मिनिटं आधी पोटावर किंवा मांडीवर घ्यायचं, त्याने बीपी चढतं. माझ्याकडच्या पेशंटना ती बोटीवरच्या नवऱ्याच्या बॅगेतून आलेली असतात आणि आतला कागद वाचलेला नसतो.

सगळ्यात घातक चूक म्हणजे इतर औषधांबद्दल न सांगणं. गुहागरकडची एक पेशंट महिनाभर गोळी घेत होती, त्रास काही नव्हता, बीपी ११०/७०. श्रावणात गजकर्ण उठलं म्हणून तिने मेडिकलमधून इट्राकोनॅझोलच्या कॅप्सूल आणल्या. चौथ्या रात्री उठली ती मागच्या पडवीत कोसळली. नणंदेने घरच्या मशीनवर घेतलं तर ८४/५०. घरचे सगळे उपासाला दोष देत होते, फोनवर मीही उपासाचंच विचारत बसले. सकाळी तिची पिशवी टेबलावर पालथी केली तेव्हा कॅप्सूलची स्ट्रिप निघाली. यकृतातलं जे एन्झाइम फ्लिबान्सेरिन मोडतं, त्यालाच हे औषध अडवतं, मग गोळी रक्तात साचत जाते. फ्लुकोनॅझोल, क्लॅरिथ्रोमायसिन, डिल्टियाझेम, व्हेरापामिल यांचंही तसंच. मेडिकलवाल्यासमोर त्या गोळीचं नाव काढायची तिला लाज वाटली. तिला मी बोल लावणार नाही. पण तेव्हापासून प्रत्येकीची पिशवी मी रिकामी करून बघते. असं औषध सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारून गोळी बंद करा आणि दोन दिवस जाऊ द्या. ते संपल्यावर गोळी पुन्हा घ्यायची तर दोन आठवड्यांनी.

गोळीवर असताना फक्त बसून बीपी घेऊ नका. पाच मिनिटं आडवं पडून घ्या, मग उभं राहून एका आणि तीन मिनिटांनी. वरचं २० किंवा खालचं १० ने उतरलं तर त्याच दिवशी कळवा.

इंजेक्शनचं गणित वेगळं. बीपी दोन ते चार तासांत सर्वात वर जातं, वरचं साधारण ६ ने आणि खालचं ३ ने, आणि बारा तासांत बहुधा उतरतं. म्हणून मी आधी एकदा, तीन तासांनी एकदा आणि सकाळी एकदा मोजायला लावते, प्रत्येक आकड्यापुढे वेळ लिहून. बीपी आधीच ताब्यात नसेल किंवा हृदयविकार असेल तर हे इंजेक्शन घ्यायचंच नाही.

‘पहिल्याने काही झालं नाही’ म्हणून त्याच रात्री दुसरं टोचणाऱ्यांचा मला खरंच राग येतो. २४ तासांत एकच, महिन्यात आठच्या वर नाही.

एक-दोन पेग झाले असतील तर गोळीआधी निदान दोन तास थांबा. तीन किंवा जास्त झाले तर त्या रात्री गोळी नाही.

मनगटावरच्या मशीनवर माझा भरवसा नाही. दंडाचा कफ घ्या, ब्लाउजच्या बाहीवरून बांधू नका. आणि पाखाडी चढून आल्या आल्या हात पुढे करू नका, पाच मिनिटं गप्प बसा.