इटलीत राहायला आलात? मग सीझन बघून खा आणि साग्राला जा

रोममधे नवीन आलेले आपले लोक पहिला प्रश्न हाच विचारतात की चांगलं रेस्टॉरंट कुठलं, आणि मी सांगते आधी महिना कुठला चालू आहे ते बघा. नोव्हेंबरात भाजीवाल्याकडे टोमॅटो मागितलेत तर देईल, पण तोंड वाकडं करून देईल.

त्यामुळे आठवड्यातून एकदा तरी एरियातल्या बाजारात चक्कर मारा, ढीग कशाचा मोठा आणि भाव कशाचा उतरलाय एवढं बघितलं तरी पुरे. फळं आपण दाबून बघायची नाहीत हां, भाजीवाला चिडतो, आज खायचंय की दोन दिवसांनी ते सांगा, तो त्या हिशोबाने निवडून देतो. रोममधे थंडीत पुन्तारेल्ले नावाची कडसर पालेभाजी, फेब्रुवारी ते एप्रिल आर्टिचोक, १ मेला कोवळ्या फावा बीन्स, त्या शेंगेतून सोलायच्या आणि कच्च्याच पेकोरीनो चीजबरोबर खायच्या, शक्यतो कुठेतरी गवतावर बसून. ऑक्टोबरात चेस्टनट. आणि नोव्हेंबरात नवीन ऑलिव्ह ऑइल येतं ते अजिबात सोडू नका, हिरवंगार असतं, घशात चक्क तिखट लागतं, भाजलेल्या ब्रेडवर लसूण चोळून वर हे तेल ओतलं की जेवण झालं.

आता साग्रा. साग्रा म्हणजे गावची खाण्याची जत्रा, बहुतेक एकाच पदार्थाची, आणि भरवते सहसा गावातली प्रो लोको नावाची संस्था, वाढणारे गावातलेच व्हॉलंटियर, स्वयंपाकाला गावच्या आज्या. पोस्टर चौकात आणि रस्त्याकडेला लागतात. पोस्टर बघताना एकच कसोटी लावा, तो पदार्थ त्या गावात आणि त्या महिन्यात होतो का? डोंगरातल्या गावात मासळीचा साग्रा किंवा जुलैत चेस्टनटचा साग्रा दिसला तर खुशाल घरी बसा, सगळा माल फ्रीझरमधला. रोमजवळ लादिस्पोलीला एप्रिलमधे आर्टिचोकचा साग्रा असतो, ट्रेनने जाता येतं. मारीनोचा द्राक्षांचा साग्रा ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी, १९२५ पासून चालू आहे, तिथे कारंज्यातून खरंच वाइन येते, पण गर्दी अशी की एकदा बघून घ्या आणि जेवायला दुसरं छोटं गाव शोधा, माझं तरी हेच मत.

तिथे गेल्यावर टेबलावर बसून वेटरची वाट बघू नका. आधी 'कास्सा'ची लाइन, तिथे छापील कागदावर काय किती हवं ते लिहून द्यायचं, पैसे भरायचे (कॅश ठेवा, कार्ड चालेलच असं नाही), मग पावती घेऊन काउंटरवर किंवा नंबर पुकारतील तेव्हा ताट उचलायचं. टेबलं लांबलचक, कागद अंथरलेला, शेजारी अनोळखी माणसं, आणि ती बोलतातच. कास्साच्या लाइनमधे उभं राहायच्या आधी एकाला जागा धरायला बसवा. साडेसातच्या आत पोचा, आणि परतीची शेवटची ट्रेन कधीची ते आधी बघून ठेवा, रविवारी गावाकडच्या बस नावालाच असतात.

व्हेज लोकांनी जरा सांभाळून. 'मांस नाही' म्हणून सांगितलेल्या सूपमधे मांसाचा ब्रोदो, म्हणजे मांस उकळून काढलेलं पाणी, असू शकतो, पुन्तारेल्लेवर अँचोव्ही मासे कुटून घालतात, उत्तरेकडच्या रोमान्या भागातल्या पियादीना रोटीत बहुतेक वेळा डुकराची चरबी असते, ईस्टरच्या पास्तिएरा नावाच्या गोड पदार्थातही पारंपरिक पद्धतीत तीच घालतात. 'चे स्त्रुत्तो?' म्हणजे यात चरबी आहे का, एवढं वाक्य पाठ करा. पार्मिजानो चीजमधे वासराचं रेनेट, म्हणजे दूध जमवायला वासराच्या पोटातून काढलेलं विरजण, असतं, कडक पाळणाऱ्यांनी तेही लक्षात घ्या.

सणांना तर पदार्थ ठरलेलेच. १९ मार्चला सान जुझेप्पे या संताचा दिवस, नेपल्सकडे झेप्पोले, म्हणजे कस्टर्ड भरलेल्या गोड पेस्ट्री. १५ ऑगस्टला फेर्रागोस्तो, तेव्हा अर्धं शहर समुद्रावर आणि दुकानं बंद, किराणा आदल्या दिवशीच भरा. १३ डिसेंबरला सांता लुचिया, त्या दिवशी सिसिलीतल्या पालेर्मोत ब्रेड-पास्ता खात नाहीत, १६४६ च्या दुष्काळात गव्हाचं जहाज आलं आणि लोकांनी दळत न बसता गहू तसाच शिजवून खाल्ला अशी कथा आहे, म्हणून आजही कुच्चिया करतात, उकडलेले गहू आणि गोड रिकोटा (मऊ ताजं चीज), आपल्या गव्हाच्या खिरीची सिसिलियन बहीणच. भाताचे तळलेले गोळे, आरान्चीने, पण त्याच दिवशी, फक्त आत खिमा आहे का विचारा.

ख्रिसमसला पानेत्तोने, म्हणजे केकसारखा गोड ब्रेड (अंडी भरपूर असतात). त्याची घाई करू नका, ख्रिसमस उलटला की सुपरमार्केटमधे किमती धाडकन उतरतात, आणि मिलानमधे तर ३ फेब्रुवारीला सान ब्याजोच्या दिवशी घसा चांगला राहावा म्हणून ठेवणीतला पानेत्तोने मुद्दाम खातात, तेव्हा दोन उचला, एक लगेच फोडायला आणि एक त्या दिवसासाठी.