नागपूरच्या उन्हाळ्यात हॉट रॉडला चकाकी आणताना

१९३२ च्या फोर्ड कूपेचं १/२५ मापाचं मॉडेल, हॉट रॉडचं, म्हणजे वेगासाठी फेरफार केलेल्या जुन्या गाडीचं. छप्पर कापून बसकं केलेलं, मडगार्ड काढलेले, फ्लॅटहेड व्ही-८ इंजिन उघडं. जोडणी देखणी झाली, पण लाल रंग खरखरीत बसला. बोट फिरवलं की बारीक रवा लागावा तसा.

कारण आपला मे महिना. पारा ४५ च्या पुढे, हवा ठणठणीत कोरडी. हा रंग लॅकर, म्हणजे झटपट वाळणारा; त्यातलं थिनर (रंग पातळ करणारं द्रव) हवेतच उडतं, रंगाचे थेंब बॉडीवर पोचेपर्यंत अर्धे वाळतात आणि एकमेकांत मिसळत नाहीत. मग चकाकी कुठून येणार?

गाड्यांचे रंग विकणाऱ्या दुकानातून रिटार्डर आणलं. थिनरमध्ये साधारण दहावा हिस्सा घातलं की रंग सावकाश वाळतो. आधीचा थर २००० नंबरच्या वॉटर पेपरने ओला घासला; कडांवर हात अगदी हलका, तिथे प्लास्टिक लगेच उघडं पडतं. मग पहाटे, मास्क लावून, एअरब्रश (रंगाचा बारीक फवारा मारणारं पेन) जवळ धरून ओलसर थर दिले. कूलर बंदच ठेवा, त्याच्या वाऱ्याबरोबर धूळही येते आणि ओलही. पूर्ण वाळल्यावर रबिंग कंपाऊंड, म्हणजे घासून चकाकी आणणारा लेप. रंग आता आरशासारखा झालाय, फार आनंद वाटतो!

पावसाळ्यात दमट हवेने लॅकरवर पांढुरकी झाक येते, तेव्हाही हेच रिटार्डर कामी येतं.