जुलैच्या गर्दीआधी ऑफिसच्या वायफाय प्रिंटरची तयारी

आमचं ऑफिस छोटं, टॅक्सचं काम, चार कॉम्प्युटर आणि एक वायफायवाला लेझर ऑल-इन-वन, प्रिंट स्कॅन झेरॉक्स सगळं त्याच्याच गळ्यात. वर्षभर गडी कसाबसा चालतो आणि जुलैचा शेवटचा आठवडा आला, समोर क्लायंट बसला, की हमखास ऑफलाइन. दोन वर्षं नुसत्या शिव्या घातल्या, मग आता जूनमधल्या एखाद्या शनिवारी दुपारी ऑफिस रिकामं असताना सगळं तपासून घेतो. काय काय बघतो ते लिहून ठेवतोय, म्हणजे मी सुट्टीवर असलो तरी कुणाचं अडायला नको.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा, नाहीतर पुढचं सगळं गोंधळाचं होतं. प्रिंट देताना कॉम्प्युटर प्रिंटरला शोधत असतो, आणि प्रिंटरच्या बटणावरून स्कॅन करून फोल्डरमध्ये पाठवताना प्रिंटर कॉम्प्युटरला शोधत असतो. रस्ता उलटा. त्यामुळे प्रिंट छान येतेय पण स्कॅन जात नाही यात काही भुताटकी नाहीये, दोन्ही वेगळे आजार आहेत आणि औषधंही वेगळी.

पहिलं काम, कॉम्प्युटरला हात न लावता प्रिंटरच्या स्क्रीनवरूनच नेटवर्कचं पान छापून घ्या. बहुतेक मॉडेलला मेनूत नेटवर्क रिपोर्ट किंवा कॉन्फिगरेशन पेज असं काहीतरी असतं. त्यावर कुठल्या वायफायला जोडलाय, आयपी म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता काय, यंत्राचा स्वतःचा कायमचा नंबर असलेला मॅक अ‍ॅड्रेस काय, सगळं येतं. पान नीट छापलं म्हणजे टोनर, रोलर, कागद इथपर्यंत मशीन ठणठणीत आहे, दोष बाहेर शोधायचा. मग कॉम्प्युटरवर कमांड प्रॉम्प्ट, म्हणजे हुकूम टाइप करायची काळी खिडकी, उघडून त्या आयपीला पिंग करायचं, म्हणजे ping लिहून पुढे तो आयपी टाकून हाक मारायची, उत्तर आलं तर वायफाय ठीक आणि घोळ विंडोजमध्ये, नाही आलं तर बहुतेक घोळ वायफायमध्ये. एवढ्या पाच मिनिटांत अर्धा निकाल लागतो, आणि लोक नेमकं हेच सोडून ड्रायव्हर, म्हणजे प्रिंटर चालवणारं सॉफ्टवेअर, काढून परत टाकत बसतात, मीही बसायचो.

आता तो आयपी. आमच्या नव्वद टक्के डोकेदुखीचं मूळ हेच होतं आणि कळायला दोन वर्षं गेली. राउटर प्रत्येक यंत्राला पत्ता देतो तो भाड्याने देतो, बऱ्याच राउटरवर मुदत २४ तासांची असते, शनिवार रविवार प्रिंटर बंद राहिला की सोमवारी सकाळी त्याला दुसराच पत्ता मिळू शकतो आणि कॉम्प्युटर बिचारा जुन्या पत्त्यावर कडी वाजवत बसतो. सोमवारीच का बंद पडतो हा आमच्या ऑफिसातला विनोद होता, त्याचं उत्तर हे. उपाय म्हणजे राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन अ‍ॅड्रेस रिझर्व्हेशन करायचं, प्रिंटरचा मॅक अ‍ॅड्रेस टाकून त्याला एक आयपी कायमचा बांधून द्यायचा, समजा १९२.१६८.१.५०. प्रिंटरमध्येही आयपी हाताने टाकता येतो पण मी राउटरवरच करतो, कारण प्रिंटर रिसेट झाला तरी ते टिकतं. राउटर बदलला की मात्र जातं, म्हणून त्या पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवायचा.

मग प्रत्येक कॉम्प्युटरवर बघायचं की प्रिंटर कुठल्या पोर्टवर, म्हणजे विंडोजच्या कुठल्या वाटेने, जोडलाय. विंडोज आपोआप शोधून जोडतं तेव्हा बरेचदा डब्ल्यूएसडी नावाचं पोर्ट लावतं, आमच्याकडे तरी ते कधी चालायचं कधी नाही. प्रिंटर प्रॉपर्टीजमध्ये पोर्ट्सच्या टॅबवर जाऊन नवीन स्टँडर्ड टीसीपी आयपी पोर्ट करायचं आणि तो बांधलेला आयपी द्यायचा. तिथेच कॉन्फिगर पोर्टमध्ये एसएनएमपी स्टेटस नावाची एक टिक असते, तिच्यामुळे विंडोज प्रिंटरला त्याची हालहवाल विचारत राहतं. पिंग होतंय, सगळं बरोबर आहे, तरी विंडोज ऑफलाइनच दाखवतंय असं असेल तर ती टिक काढून बघा, आमच्या एका लॅपटॉपला याच टिकेने महिनाभर छळलं होतं. आणि एकाच प्रिंटरच्या तीन तीन कॉपी झालेल्या असतात त्यातल्या जादाच्या उडवा, नाहीतर नवीन मुलगा बरोबर मेलेल्या कॉपीवरच प्रिंट देणार.

वायफायचं थोडक्यात. बरेच ऑफिस प्रिंटर फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतात, राउटरवर तो बँड चालू आहे ना बघा. चॅनल हाताने द्यायचा झाला तर १, ६ किंवा ११. वायफायची सुरक्षा फक्त डब्ल्यूपीए३ या नव्या पद्धतीवर ठेवली असेल तर जुने प्रिंटर जोडणारच नाहीत. गेस्ट वायफायवर प्रिंटर टाकू नका, तिथली यंत्रं सहसा एकमेकांना दिसत नाहीत. इंटरनेटवाल्याने राउटर बदलून दिला तर त्याला दारातच थांबवून जुनंच नाव आणि जुनाच पासवर्ड टाकायला लावा, सगळी यंत्रं बहुतेक आपणहून परत जोडली जातात.

लाइट गेल्यावरचा क्रमही ठरवून ठेवा, आधी राउटर, तो पूर्ण चालू व्हायला दोन तीन मिनिटं, मग प्रिंटर. राउटर यूपीएसवर असला तर उत्तमच. लेझर प्रिंटर मात्र छोट्या यूपीएसवर लावू नका, आतला फ्यूजर, म्हणजे टोनर कागदावर पक्का करणारा गरम रोलर, तापताना एकदम खूप करंट खेचतो आणि यूपीएस ओव्हरलोड होऊन सगळ्यांचे कॉम्प्युटर बसतात.

रांगेत प्रिंट अडकून डिलीट होत नसेल तर त्याची पण तालीम आत्ताच करून ठेवा, अ‍ॅडमिन पासवर्ड लागतो आणि तो ऐनवेळी सरांनाही आठवत नाही. सर्व्हिसेसमध्ये प्रिंटची रांग सांभाळणारा प्रिंट स्पूलर थांबवायचा, विंडोजच्या सिस्टम३२ मधल्या स्पूल फोल्डरात प्रिंटर्स नावाचा फोल्डर असतो तो आतून रिकामा करायचा, फोल्डर उडवायचा नाही, मग स्पूलर परत चालू.

आता स्कॅन, खरी गंमत इथे आहे. फोल्डरमध्ये स्कॅन जायला प्रिंटरला त्या कॉम्प्युटरचं युजरनेम आणि पासवर्ड लागतो, पिन नाही. आपण रोज चार आकडी पिन टाकून आत जातो त्यामुळे खरा पासवर्ड कुणाच्या लक्षातच नसतो, आणि कुणी तो बदलला की स्कॅन त्याच दिवशी बंद. मी सरळ स्कॅन नावाचा वेगळा लोकल युजर केला, त्याला फक्त त्या एका फोल्डरची परवानगी. दुसरं, राउटर बदलला की विंडोज त्याला नवीन नेटवर्क समजतं आणि पब्लिक, म्हणजे परकं, करून टाकतं, मग फायरवॉल प्रिंटरला आत येऊ देत नाही, ते प्रायव्हेट करायचं. ज्या कॉम्प्युटरवर स्कॅन जातात त्याचाही आयपी बांधून टाका, नाहीतर परत तोच सोमवारचा खेळ.

जुन्या प्रिंटरचं दुखणं वेगळंच असतं, ते फाइल पाठवायला एसएमबी १ नावाची जुनी पद्धत वापरतात आणि विंडोज १० मध्ये २०१७ च्या शेवटापासून नवीन इन्स्टॉलला ते आपोआप येतच नाही. इंटरनेटवर सगळे सांगतात की चालू करा, मी म्हणेन करू नका, त्याच वर्षी मे महिन्यात वॉनाक्राय नावाचा खंडणी मागणारा व्हायरस त्याच रस्त्याने पसरला होता आणि आपल्याकडे लोकांचे पॅन आधार पडलेले असतात. आधी प्रिंटरचं फर्मवेअर, म्हणजे त्याच्या आतलं सॉफ्टवेअर, अपडेट होतंय का बघा, नाहीच झालं तर कॉम्प्युटरवरून स्कॅन करा नाहीतर पेन ड्राइव्ह.

स्कॅन मेलवर जात असेल आणि जीमेल असेल तर साधा पासवर्ड चालत नाही, वैयक्तिक खात्यांना गूगलने ते ३० मे २०२२ पासून बंद केलं. गूगल खात्यात टू-स्टेप, म्हणजे दोन टप्प्यांतलं लॉगिन, चालू करून १६ अक्षरी अ‍ॅप पासवर्ड घ्यायचा आणि तो प्रिंटरमध्ये टाकायचा. खात्याचा मुख्य पासवर्ड बदलला की अ‍ॅप पासवर्डही रद्द होतो, हे मात्र कुणी सांगत नाही.

फीडरमधून, म्हणजे वरच्या कागद ओढणाऱ्या ट्रेमधून, केलेल्या स्कॅनमध्ये उभी काळी रेघ येतेय पण काचेवर ठेवून केलेल्या स्कॅनमध्ये येत नाही, तर मोठी काच पुसत बसू नका, तिच्या बाजूला एक बोटभर रुंद काचेची पट्टी असते, फीडरमधून जाणारा कागद तिथे वाचला जातो. तिथे व्हाइटनरचा एक कण चिकटला तरी पानभर रेघ. मऊ कापडावर थोडं स्पिरिट घेऊन पुसा, काचेवर थेट ओतू नका. स्टेपल पिना काढूनच कागद फीडरला द्यायचे, हे मी भिंतीवर चिकटवलंय तरी पिना निघतातच. रेझोल्यूशन ३०० डीपीआय पुरे, ६०० केलं की पिक्सेल चौपट आणि फाइल पोर्टलवर चढत नाही.

आणि पावसाळा आहे हे विसरू नका. उघडं रिम दमट होतं, दोन दोन पानं एकदम ओढली जातात, आणि आपण रोलरला दोष देतो. लागतील तेवढीच पानं ट्रेमध्ये, बाकीचं रिम वेष्टणात आणि वर एक प्लॅस्टिकची पिशवी.

शेवटी खणात यूएसबी केबल आहे का बघा, आणि नुसती बघू नका, लावून एक प्रिंट काढा, ड्रायव्हर त्याच वेळी टाकून घ्या. आमची केबल दीड मीटरची निघाली, टेबलापर्यंत पोचेना, शेवटी प्रिंटरच सरांच्या केबिनबाहेरून उचलून माझ्या शेजारी आणला, तो अजून तिथेच आहे.