हेफेवाइझनला गुण देताना: होमब्रू स्पर्धेतल्या परीक्षणाची पद्धत

हेफेवाइझन ही गव्हाची, गढूळ जर्मन बिअर. तिची बाटली उघडून ग्लासात ओतली की पहिलं अर्धं मिनिट फार मोलाचं असतं. गंधकाचा हलका वास, केळ्याचा सुवास हे सगळं भराभर उडून जातं. फेस बघत बसलात तर ते हातचं गेलं. म्हणून आधी नाक, मग डोळे. ओतल्या ओतल्या ग्लास नाकाखाली धरून दोन-तीनदा झटपट हुंगायचं, पहिलं जे जाणवेल ते कागदावर टिपायचं, आणि मगच रंगाकडे वळायचं.

अमेरिकेतल्या होमब्रू, म्हणजे घरी बनवलेल्या बिअरच्या, स्पर्धांमध्ये परीक्षणाची जी पद्धत रुळली आहे ती बीजेसीपीची, म्हणजे बिअर जज सर्टिफिकेशन प्रोग्रॅमची. हा कार्यक्रम १९८५ मध्ये सुरू झाला. त्यांची शैलींची मार्गदर्शिका वेळोवेळी सुधारली जाते. इथे २०२१ ची आवृत्ती धरली आहे. गुणपत्रिका ५० गुणांची असते: वास १२, रूप ३, चव २०, तोंडातला पोत ५ आणि एकूण परिणाम १०. रूपाला फक्त ३ गुण का, हे नव्या परीक्षकाने आधी मनात पक्कं करावं. दिसायला देखणी पण चवीला फसलेली बिअर वर जाऊ नये, आणि थोडी गढूळ पण अप्रतिम चवीची बिअर खाली पडू नये, अशीच ती विभागणी आहे.

बे एरिया, न्यू जर्सी अशा ठिकाणच्या क्लबांत बिअर बनवणाऱ्या मराठी मंडळींनी एकदा तरी स्ट्युअर्ड म्हणून काम करावं. बाटल्या आणून देणं, ग्लास बदलणं, गुणांची बेरीज तपासणं एवढंच काम, पण दोन अनुभवी परीक्षकांचं बोलणं कानावर पडतं. महाराष्ट्रात परवान्याशिवाय मद्यनिर्मिती कायद्याला धरून नाही, त्यामुळे इथल्यांनी जिभेचा सराव मायक्रोब्रूअरीत करावा. पुण्या-मुंबईत हेफेवाइझन आणि विटबिअर (गव्हाचीच दुसरी एक बिअर) दोन्ही सहज मिळतात, आणि शेजारी शेजारी ठेवून चाखल्या की फरक लगेच कळतो.

आता शैली. जर्मन हेफेवाइझन मार्गदर्शिकेत वाइसबिअर या नावाने १०ए क्रमांकावर आहे. मद्यांश ४.३ ते ५.६ टक्के, कडवटपणा ८ ते १५ आयबीयू (कडवटपणा मोजण्याचं एकक), रंग फिकट पेंढ्यापासून सोनेरीपर्यंत. धान्यात निम्म्याहून अधिक गव्हाचं माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेला गहू. वासात केळं आणि लवंग, मागे पावाच्या कणकेसारखा गहू, हॉप्स (बिअरला कडवटपणा आणि सुवास देणारी फुलं) जवळजवळ नाहीतच. पांढराशुभ्र, दाट, टिकणारा फेस. गढूळपणा इथे दोष नव्हे. केळं आणि लवंग यांचं प्रमाण ब्रूअरच्या मर्जीचं: कुणाचं केळं पुढे असेल, कुणाची लवंग. दोन्ही बसतात. परीक्षकाला केळं आवडत नाही म्हणून केळं पुढे असलेल्या बिअरचे गुण कापणं हा ब्रूअरवर अन्याय आहे, आणि तो सर्रास होतो.

शेजारच्या शैलींशी गल्लत टाळा. अमेरिकन व्हीट बिअरमध्ये केळं-लवंग नसतात. असले तर तिथे तो दोष. विटबिअर बेल्जियमची, तिच्यात धणे आणि संत्र्याची साल. धण्यांच्या बाबतीत आपलं नाक तयार असतं, त्याचा उपयोग करा: ताज्या, नुकत्याच कुटलेल्या धण्यांचा लिंबासारखा वास हवा. सेलरीसारखा किंवा हॅमसारखा वास आला तर तो धण्यांचा दोष म्हणून नोंदवा. लवंगेबाबत मात्र सावध राहा. मसाल्याच्या डब्यातली लवंग जीभ बधिर करते, बिअरमधली नाही. ती यीस्टने तयार केलेली, सौम्य असते. गरम मसाल्याइतकी तीव्र लवंग शोधत बसलात तर चांगल्या बिअरलाही “लवंग कमी” असा शेरा जाईल.

टेबलावर बसण्याआधीची तयारी साधी आहे, पण तिच्यात ढिलाई चालत नाही. त्या दिवशी अत्तर नको, वासाची क्रीम नको, हात बिनवासाच्या साबणाने धुतलेले हवेत. सकाळी मिसळ किंवा कांदाभजी खाऊन आलात तर दुपारपर्यंत जीभ कामाची राहत नाही. टेबलावर पाणी आणि साधा पाव किंवा बिनमिठाची बिस्किटं. ग्लास पारदर्शक, कडक प्लॅस्टिकचे. नवे असले तरी एक रिकामा हुंगून बघा, कधी कधी प्लॅस्टिकचाच वास येतो आणि त्याची शिक्षा बिअरला होते. एका बिअरचा नमुना ६० ते ९० मिली. आठ बिअर म्हणजे तेवढ्यानेही अर्धा लिटर होतो, तेव्हा परतीच्या गाडीची सोय आधीच करा.

बाटली हातात आली की झाकणापासून सुरुवात. मानेच्या आतल्या बाजूला गोल कड्यासारखा थर दिसतो का? ते जंतुसंसर्गाचं लक्षण असू शकतं, पण तेवढ्यावरून गुण कापू नका. फक्त टिपून ठेवा आणि चव बघा. हेफेवाइझनमध्ये यीस्टचा गाळ असणारच. पाऊण बाटली संथ ओतून उरलेली हलकेच फिरवायची आणि मग ओतायची, म्हणजे यीस्ट सगळ्या ग्लासांत सारखं जातं. बाटली उघडताच बिअर उसळून बाहेर आली, तर कारणं साधारण दोन: संसर्ग किंवा जास्त साखर. या शैलीत वायू मुळातच जास्त असतो. वीस अंशांच्या आसपास आंबवलेल्या बिअरला बाटलीत भरताना हा वायू तयार व्हावा म्हणून लिटरला साधारण ९ ग्रॅम साखर पडते, आणि तीही जाड काचेच्याच बाटलीत. उसळलेली बिअर चवीला स्वच्छ, गोलसर असेल तर साखर जास्त पडली किंवा आंबवण पुरं होण्याआधी बाटली भरली. पातळ आणि आंबट असेल तर संसर्ग.

चव घेताना घोट संपूर्ण जिभेवर फिरू द्या, गिळा, आणि गिळल्यावर नाकातून श्वास सोडा. अर्धी माहिती त्या श्वासात असते. वायूची झिणझिण आणि आंबटपणा यांची गल्लत फार होते. ग्लास जोरात फिरवून वायू घालवा आणि पुन्हा चाखा: झिणझिण जाते, आंबटपणा राहतो. कडू आणि तुरट यांतही असाच घोळ होतो. कडवटपणा चवीतून कळतो, तुरटपणा हिरड्यांवर आणि गालांच्या आत बसतो, खूप उकळलेल्या कोऱ्या चहासारखा.

हेफेवाइझनमध्ये वारंवार सापडणारे दोष ओळखीच्या वासांवर बसवून घ्या. उकडलेल्या कणसाचा वास म्हणजे डायमिथाइल सल्फाइड. फिकट माल्ट झाकण ठेवून उकळलं किंवा कमी उकळलं की तो राहतो. तास ते दीड तास उघड्या भांड्यात खळखळून उकळणं हा उपाय. लोण्याचा वास आणि जिभेवर निसरडेपणा म्हणजे डायअसेटिल. यीस्टला काम पुरं करायला वेळ मिळाला नाही. हिरव्या सफरचंदाचा वास बहुतेकदा कोवळ्या बिअरचा. ओल्या पुठ्ठ्याचा वास म्हणजे बाटली भरताना हवा लागली. आणि जखमेच्या पट्टीचा, दवाखान्याचा वास! याला अनेक नवे परीक्षक “लवंग” म्हणून सोडून देतात, कारण दोन्ही वास फिनॉल या एकाच गटातल्या द्रव्यांचे. पण लवंग गोडसर आणि उबदार असते, हा वास बोचरा आणि रासायनिक. बहुधा नळाच्या पाण्यातल्या क्लोरिनमुळे येतो. पाण्यात पोटॅशियम मेटाबायसल्फाइटची गोळी टाकली की क्लोरिन जातं. एक गोळी साधारण ७५ लिटरना पुरते.

दोषाचं नाव लिहून थांबू नका. “डायअसेटिल” एवढा एक शब्द ब्रूअरच्या काही कामाचा नाही. किती आहे, कुठे जाणवलं, पुढच्या वेळी काय बदलावं, हे लिहा. उदाहरणार्थ: “वासात मध्यम पिकलं केळं, लवंग जेमतेम. मागे हलका गहू. हॉप्स नाहीत, शैलीला योग्य. लवंग हवी असेल तर मॅशमध्ये ४३ ते ४५ अंशांवर १५ मिनिटांचा टप्पा द्यावा आणि आंबवण १७ ते १८ अंशांवर ठेवावी.” मॅश म्हणजे माल्ट गरम पाण्यात भिजवून ठेवणं. त्या टप्प्यात गव्हातून फेरुलिक आम्ल सुटतं आणि यीस्ट त्याचंच लवंगेच्या वासाचं द्रव्य करतं. आंबवण गरम झाली किंवा यीस्ट कमी पडलं तर केळं वाढतं. पण ब्रूअरने काय केलं असेल याचा अंदाज ठामपणे लिहू नका. “तुम्ही यीस्ट जुनं वापरलंत” यापेक्षा “यीस्टचं प्रमाण तपासून पाहावं” हे बरं. कुणीतरी महिनाभर खपून बिअर पाठवली आहे, आणि त्याच्या हातात परत जाणार आहे तो तुमचा कागद.

गुण रकाना भरताना द्या, शेवटी आठवून नाही. बेरीज झाली की गटाशी पडताळा: ४५ ते ५० असामान्य, ३८ ते ४४ उत्कृष्ट, ३० ते ३७ फार चांगली, २१ ते २९ चांगली, १४ ते २० बरी, त्याखाली सदोष. “फार चांगली” वाटलेल्या बिअरची बेरीज २६ आली तर कुठेतरी हात आखडला आहे. बहुधा चवीच्या २० गुणांत. सर्वांत बिघडलेल्या बिअरलाही १३ पेक्षा कमी न देण्याची प्रथा आहे, आणि ती पाळावी.

शेजारच्या परीक्षकाने लिहून संपवेपर्यंत तोंड बंद, चेहरा कोरा. “अरेच्चा” एवढं ऐकूनही समोरच्याची जीभ बदलते. मग गुण सांगा. फरक ७ पेक्षा जास्त असेल तर मधला आकडा घेऊन मोकळं व्हायचं नाही. बिअर पुन्हा चाखायची, ज्याला जे जाणवलं ते दुसऱ्याला दाखवायचं, आणि दोघांनाही मान्य होणारा आकडा लिहायचा. एकाला डायअसेटिल अजिबात जाणवत नाही असं खरोखर असतं. तशी स्वतःची आंधळी जागा माहीत असेल तर चर्चेच्या सुरुवातीलाच सांगून टाका.

पहिल्या बिअरला बहुतेकांचा हात आखडतो, कारण तुलनेला काहीच नसतं. म्हणून जमेल तिथे आधी वाइहेनस्टेफानर किंवा पाउलानर या जर्मन ब्रूअरींची एक हेफेवाइझन उघडून दोघांनी मिळून चाखावी आणि नाक जुळवून घ्यावं. आणि स्पर्धेतली पहिली बाटली झाकण लावून बाजूला ठेवा. शेवटची बिअर झाली की दोन्ही पुन्हा शेजारी शेजारी ओता. पहिलीचे गुण बदलायचे असतील तर कागद स्ट्युअर्डच्या हातात देण्याआधीच बदला.