मंडळीचा इतिहास लिहायचा तर वहीपासून

मेथडिस्ट मंडळीचे, म्हणजे स्थानिक चर्चचे, वर्धापन जवळ आले की पाळकीय समितीत 'पुस्तिका काढू' असे ठरते आणि लिहिणारा थेट पंथाचा संस्थापक जॉन वेस्लीपासून सुरुवात करतो. चार पाने लंडनला जातात, भुसावळ किंवा जळगावच्या वाट्याला अर्धे पान उरते. वेस्ली एका परिच्छेदात बसतो. आधी आपली कपाटे उघडा.

पहिले काम म्हणजे आपण नेमके कोणते मेथडिस्ट, हे ठरवणे. १८५६ मध्ये विल्यम बटलर यांनी सुरू केलेले अमेरिकन काम आणि ब्रिटिश मेथडिस्ट मिशन ही दोन वेगळी घराणी. २९ नोव्हेंबर १९७० रोजी अनेक पंथ एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाले तेव्हा ब्रिटिश बाजू त्यात गेली, अमेरिकन बाजू बाहेर राहिली आणि ७ जानेवारी १९८१ पासून 'मेथडिस्ट चर्च इन इंडिया' म्हणून स्वायत्त झाली. त्यात खानदेशात अलायन्स आणि स्कँडिनेव्हियन अलायन्स या मिशनांचेही काम होते, त्यामुळे 'मिशनवाले' एवढ्यावर विसंबू नका. बाप्तिस्म्याची वही पाहा. तान्ह्या बाळांच्या नोंदी आईबापांच्या नावांसह असतील तर ती मेथडिस्ट रीत. अलायन्सकडे विश्वास धरल्यावर, पाण्यात बुडवून बाप्तिस्मा देतात. गीतांवरून मात्र काही ठरत नाही, ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची भजने सगळ्याच मंडळ्या गातात.

बाप्तिस्मा, लग्न आणि दफन या तिन्ही वह्यांचे फोटो खिडकीजवळच्या उजेडात, फ्लॅश न वापरता, मोबाइल पानाला समांतर धरून घ्या. फाटलेल्या पानाला सेलोटेप लावू नका. खानदेशच्या उन्हाळ्यात तिचा गोंद पाझरतो आणि पुढचे पान चिकटते. लॅमिनेशन तर नकोच. मग तक्ता करा: पान क्रमांक, तारीख, नाव (जसे लिहिले तसेच), आईबाप, गाव, पाळक. गावांची नावे इंग्रजी स्पेलिंगमुळे फसवतात. 'धुलिया' म्हणजे धुळे. 'पूर्व खानदेश' असा उल्लेख आला तर नोंद १९०६ नंतरची, कारण जिल्हा तेव्हा विभागला गेला. १८९६-९७ किंवा १८९९-१९०० च्या आसपास नोंदी एकदम वाढलेल्या दिसल्या तर 'जागृती' (धर्मजागृतीची लाट) म्हणायची घाई नको. ती दुष्काळाची वर्षे आहेत, अनाथाश्रमातली मुले असू शकतात.

स्थापनेच्या तारखेवरून भांडणे होतात. पहिली उपासना, कोनशिला आणि इमारतीचे समर्पण अशा तीन तारखा असतात. तिन्ही वेगळ्या छापा, भांडण मिटते.

पाळकांची यादी आठवणीवर करू नका. मेथडिस्टांत नेमणुका बिशप करतात आणि बदल्या होतात, म्हणून वार्षिक कॉन्फरन्सच्या (चर्चच्या वार्षिक सभेच्या) छापील कार्यवृत्तात त्या दर वर्षी मिळतात. म्हाताऱ्या माणसांना मात्र जरूर भेटा, त्यांच्याशी अहिराणीत बोला आणि शब्द तसेच उतरवा. 'कोणत्या साली?' विचारून उपयोग नाही. 'बाहत्तरच्या दुष्काळाआधी की नंतर?' असे विचारले की उत्तर येते.

विश्वासाचे प्रकरण छोटे पण नेमके हवे. १७८४ मध्ये वेस्लीने अँग्लिकन चर्चच्या ३९ कलमांतून २४ ठेवली, अमेरिकेत पंचविसावे जोडले गेले. कोणाचे तारण व्हायचे हे देवाने आधीच ठरवले आहे, असे सांगणारे कलम त्याने गाळले. सगळा मेथडिस्ट स्वर इथून येतो: कृपा सर्वांसाठी, माणूस ती नाकारू शकतो, आणि तारणानंतर पवित्रीकरणाची, म्हणजे जीवन पवित्र होत जाण्याची, वाटचाल उरते. बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन हे दोनच संस्कार. प्याल्यात न आंबवलेला द्राक्षरस का, हे तरुण हमखास विचारतात. व्यसनमुक्तीवरचा जुना मेथडिस्ट भर हे त्याचे कारण, तेवढे लिहा.

छापण्याआधी मजकूर दोन वेगळ्या घरांतल्या वडीलधाऱ्यांना मोठ्याने वाचून दाखवा. कोणाची जात, अनाथपण किंवा लग्नाआधीची भानगड वहीत सापडली असेल आणि त्या घरातले लोक हयात असतील, तर ती वहीतच राहू द्या.