पहिलारू मिनी घोडी व्यायला आली हे ओळखायचं कसं: नुसत्या कासेवर जाऊ नका, पुठ्ठ्यावर हात ठेवा

जानेवारीचा शेवट ते मार्च हा आपल्याकडे घोड्या विण्याचा काळ, कारण मागच्या वर्षी दिवस मोठे व्हायला लागल्यावर ज्या माजावर आल्या आणि भरवल्या त्यांचे अकरा महिने आता भरत आलेत. आणि नेमकी ह्याच टायमाला द्राक्षाची तोड चालू असते, माणूस दिवसभर बागेत, संध्याकाळी गाडी भरायची, त्यात निफाड-पिंपळगाव साईडला रात्रीची थंडी अशी की तबेल्याकडे जायला पाय निघत नाही, मग घोडीकडे बघणार कोण. म्हणून हे सगळं वेळेआधी सांगतोय.

गंगापूर धरणाकडे, त्र्यंबक रोडला फार्महाऊसवाल्यांनी, ॲग्रो टुरिझमवाल्यांनी पोरांना बसायला म्हणून मिनी घोड्या घेतल्यात, कोणी सारंगखेड्याच्या यात्रेतून बुटकी घोडी आणली आणि घरी आल्यावर कळलं की गाभण आहे. ह्यातले बरेच जण मुळात गाईवाले. गाय कधी व्यायला येते हे त्यांना लांबून बघूनही कळतं, आणि तिथेच गडबड होते, कारण गाईचा हिशोब घोडीला लावला की चुकतोच, आणि पहिल्या वेताच्या मिनी घोडीला तर फारच चुकतो. गाय कळा देत तास-दोन तास काढू शकते, घोडीकडे तेवढा वेळ नसतो. पाणमोट फुटल्यापासून साधारण २० ते ३० मिनिटात शिंगरू बाहेर यायला पाहिजे. म्हणजे फोन करून डॉक्टर येईपर्यंत खेळ संपलेला असतो, म्हणून आधी ओळखता येणं हेच खरं काम आहे.

पहिलं तारखेचं बघा. भरवल्याची तारीख लिहून ठेवली असेल तर उत्तम. घोडीचे दिवस साधारण ३२० ते ३६५, सरासरी ३४० धरतात, आणि मिनी घोड्या बऱ्याचदा थोड्या लवकर वितात. माझं म्हणणं, ३०० दिवस झाले की रोज हात लावून बघायला लागा. तारीखच माहीत नसेल, विकत आणलेली असेल, तर डॉक्टरकडून पोटावरून सोनोग्राफी करून घ्या, मिनीमध्ये आतून हात घालून तपासणं अंगामुळे अवघड पडतं. आणि घोडा केवढा होता हे पण विचारा. ३४ इंची घोडीला मोठं तट्टू लागलेलं असेल तर ही गोष्ट डॉक्टरला आत्ताच सांगून ठेवायची, कळा सुरू झाल्यावर नाही.

आता कास. अनुभवी घोडी विण्याआधी दोन ते सहा आठवडे कास धरते, सड भरतात, मग सडाच्या टोकावर पिवळसर मेणचट खडे येतात आणि ते आले की बहुतेक एक-दोन दिवसात, कधी चार दिवसात मोकळी होते. पुस्तकात हे असंच असतं आणि ते बरोबरच आहे. पण पहिलारू घोडी हे काहीच न करता विऊ शकते. कास लिंबाएवढी, सड बारीक, मेणाचा पत्ता नाही, आणि सकाळी जाऊन बघावं तर शिंगरू उभं. काहींना तर दूध विल्यावरच उतरतं. त्यामुळे "अजून कास नाही धरली, आहे पंधरा दिवस" असं म्हणून कोणी लग्नाला निघून जाऊ नका. उलटं पण आहे, कास महिनाभर आधीच भरली आणि दूध गळायला लागलं तर ते चांगलं लक्षण समजू नका, वारेला इन्फेक्शन किंवा पोटात जुळं असू शकतं, त्याच दिवशी डॉक्टर. शिवाय गळून जातो तो चीक, आणि चीक गेला की शिंगराची ताकद गेली.

मग बघायचं काय, तर मागची बाजू, म्हणजे शेपटीजवळचे पुठ्ठे. माझा सगळ्यात जास्त भरवसा ह्याच्यावर आहे. रोज एकाच वेळेला, शक्यतो संध्याकाळी, घोडीच्या बाजूला उभं राहा (बरोबर मागे नाही), एक हात पाठीवर ठेवा आणि दुसऱ्या हाताची बोटं शेपटीच्या मुळाच्या दोन्ही बाजूंना दाबा. एरवी तिथलं मांस घट्ट लागतं, बोट परत फेकतं. विण्याच्या दोन-तीन आठवडे आधीपासून ते सैल पडायला लागतं, आणि अगदी जवळ आली की बोट आत जातं, हलवलं तर सगळं थुलथुल हलतं, शेपटीचं हाड वर उठून दिसतं आणि दोन्ही बाजूला खड्डे पडतात. शेपटी उचलून बघा, आधी ती दाबून धरते, शेवटच्या दिवसात विरोधच करत नाही, शेपटी हातात नुसती लोंबते. तसंच निरण (शेपटीखालचं योनीचं तोंड) बघा, ती लांबट होते, सुरकुत्या जातात, सैल पडते, आणि ओठ हलकेच उघडून बघितलं तर आतला फिका गुलाबी रंग जाऊन लालसर झालेला दिसतो. मोबाईलवर रोज मागून एक आणि बाजूने एक फोटो काढा, त्याच जागेवरून, त्याच उजेडात. रोज बघणाऱ्याला फरक कळत नाही, आठ दिवसांपूर्वीचा फोटो शेजारी ठेवला की लगेच कळतो.

पोटाचं सांगायचं तर मिनीचं पोट आधीच गोल, त्यात थंडीमुळे अंगावर केसांचं घोंगडं, डोळ्याने काही कळत नाही. मागून उभं राहून बघा, आधी पोट दोन्ही बाजूंना पसरलेलं दिसतं, शिंगरू वळून बाहेर यायच्या तयारीत आलं की बाजू चपट्या होतात आणि पोट खाली टोकदार दिसतं. पहिलारू घोडीच्या पोटाचे स्नायू घट्ट असतात त्यामुळे हे कमी दिसतं, दिसलं तर धरा, नाही दिसलं तर त्याचा काही अर्थ काढू नका.

टेस्टचं पण सांगतो. फवारणीच्या पाण्याचा पीएच बघायला बागायतदारांकडे पट्ट्या असतातच, फक्त बारीक फरक दाखवणारी पट्टी घ्या, ०.२ चा फरक कळणारी. सडातून दोन थेंब काढायचे, जास्त नाही, चीक वाया घालवायचा नाही. सुरुवातीला पीएच ७ च्या वर असतो, उतरत उतरत ६.४ च्या आसपास आला की बहुतेक घोड्या २४ तासात वितात. रंग पण बदलतो, आधी पाणचट पिवळसर, मग चिकट, मग पांढरं. टेस्ट रोज संध्याकाळी करा. पण पहिलारूच्या सडातून कधी कधी थेंबच निघत नाही, मग जबरदस्ती पिळत बसू नका, परत पुठ्ठ्यावर या. ह्या टेस्टचा अजून एक फायदा, महिनाभर आधीपासून कोमट फडक्याने कास पुसायची, हात लावायची सवय लागते, नाहीतर पहिलारू घोडीला कासेला गुदगुल्या होतात आणि शिंगरू प्यायला आलं की ती लाथ मारते.

वागणं बदलतं ते शेवटच्या दिवसात. कळपातून बाजूला उभी राहते, भिंतीला मागचा भाग घासते, थोडी थोडी लीद बऱ्याचदा टाकते, शेपटी वर धरते, वळून कुशीकडे बघते, उठ-बस करते, काखेत आणि मानेला घाम येतो. थंडीच्या रात्री घोडीला घाम आलेला दिसला तर परत झोपायला जाऊ नका. हेच सगळं पोटदुखीत पण होतं, म्हणून फरक असा बघा की पुठ्ठे आणि निरण सैल आहेत का. सैल नाहीत आणि घोडी लोळतेय, लीद बंद, तर ती पोटदुखी समजून डॉक्टरला बोलवा. आणि बहुतेक घोड्या रात्रीच वितात, साधारण १० ते पहाटे ५-६ च्या मध्ये, आजूबाजूला माणसं, कुत्री, लाईट असेल तर घोडी काही वेळ थांबवून पण धरते. तेव्हा सगळ्या घराने तबेल्यात गर्दी करू नका. साधा वायफाय कॅमेरा लावा, मंद दिवा ठेवा, एक माणूस लांबून बघेल.

जागा १० बाय १० फुटाची पुरते, खाली भाताचा पेंढा जाड टाका, इगतपुरी-त्र्यंबककडे भरपूर मिळतो, भुसा किंवा लाकडाचा चुरा नको, ओल्या शिंगराच्या नाकातोंडात जातो. दावं सोडून ठेवा, बांधलेली घोडी विताना अडकते. वारा येणारी बाजू ताडपत्रीने बंद करा.

खाण्याबद्दल मला कळकळीने सांगायचंय. शिंगरू मोठं होऊ नये म्हणून शेवटच्या महिन्यात चारा कमी करतात काही लोक, मिनीत हे जिवावर बेतू शकतं. गाभण मिनी घोडी उपाशी राहिली की अंगातली चरबी रक्तात उतरते आणि लिव्हर बसतं. एक वेळ खाल्लं नाही, सुस्त आहे, तर वाट बघायची नाही, त्याच दिवशी डॉक्टर. लासलगाव पट्ट्यात चाळीतला खराब कांदा जनावरांपुढे टाकायची सवय आहे, घोडीला कांदा अजिबात नको, रक्त कमी होतं. फवारलेल्या बागेतलं गवत आणि द्राक्षाचा पाला नको. अरगट (कणसावरची बुरशी) पडलेली बाजरी नको, दूध मारलं जातं. कोंबडीखाद्य आणि मोनेन्सिन नावाचं औषध मिसळलेलं गाईचं खाद्य तर तबेल्याच्या जवळपास पण ठेवू नका, घोड्याला ते विष आहे. धनुर्वाताची लस विण्याआधी ४ ते ६ आठवडे द्यायची, ती झाली नसेल तर आजच डॉक्टरशी बोला.

आता प्रत्यक्ष वेळ. पाणी गेलं, घोडी आडवी झाली, आणि पांढरट निळसर पडदा दिसला, त्यात पुढचे दोन पाय, एक थोडा पुढे, खुरांचे तळवे खालच्या बाजूला, आणि गुडघ्याच्या आसपास नाक, तर सगळं ठीक आहे, हात लावू नका. पडदा फुटला नाही आणि शिंगरू बाहेर आलं तर नाकावरचा पडदा लगेच फाडा. मिनी शिंगराचं कपाळ फुगीर असतं म्हणून डोकं अडकायचं प्रमाण मोठ्या घोड्यांपेक्षा जास्त, एकच पाय दिसला, खुरांचे तळवे वर दिसले, किंवा जोर लावून १० मिनिटं झाली आणि काहीच पुढे सरकत नाही, तर फोन करा आणि घोडीला उठवून हळू चालवत ठेवा. गाईसारखं दोर लावून चार जणांनी ओढायचं नाही, मिनीचं अंग केवढं, आतून फाटतं.

आणि हे नीट लक्षात ठेवा. पांढऱ्याच्या जागी लालभडक मखमली पिशवी आधी बाहेर आली तर वार आधीच सुटली आहे, शिंगराचा श्वास तिथेच बंद झालाय. डॉक्टरची वाट बघायला वेळ नाही, स्वच्छ कात्रीने ती पिशवी लगेच फाडा आणि घोडीच्या जोराबरोबर शिंगरू खाली, तिच्या मागच्या पायांच्या दिशेने ओढून बाहेर घ्या, फोन दुसऱ्याने लावायचा. कात्री, टॉवेल, ग्लोव्हज, टॉर्च, नाळेला लावायचं पोव्हिडोन आयोडिन हे सगळं एका बादलीत घालून तबेल्यातच टांगून ठेवा. कळा वाढवणारं ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन स्वतःच्या मनाने अजिबात देऊ नका.

व्याल्यावर नाळ कापू नका, घोडी उठली की ती आपोआप तुटते, मग टोकाला औषध लावा. शिंगरू एका तासात उभं, दोन तासात पिणारं, तीन तासात वार बाहेर, हा हिशोब. गाईची वार बारा तास राहिली तरी आपण थांबतो, घोडीची तीन तासांच्या पुढे राहिली तर डॉक्टर, कारण त्यातून खुरापर्यंत त्रास जातो. लोंबणारी वार ओढायची नाही, गाठ मारून वर बांधा. पडलेली वार फेकू नका, बादलीत झाकून ठेवा, डॉक्टर ती पसरून बघतील की तुकडा आत राहिलाय का. मिनी शिंगरू ८-१० किलोचं असतं, थंडीत लगेच गारठतं, टॉवेलने कोरडं करा पण आईला चाटू द्या, पहिलारू घोडी घाबरली तर तिला धरून ठेवा आणि शिंगरू सडाला लावा. पहिल्या सहा तासात चीक पोटात गेलाच पाहिजे. कास रिकामीच असेल तर दुसऱ्या घोडीचा चीक कुठे मिळेल हे आधीच विचारून ठेवा.

डॉक्टरचं काम आजच करा. गावातले बरेच पशुवैद्यक गाई-म्हशीत हुशार असतात पण घोडीची डिलिव्हरी रोज करत नाहीत, तेव्हा घोड्याचा हात असलेले दोन डॉक्टर शोधा, दोघांना तारीख सांगा, रात्री फोन उचलतील का ते स्पष्ट विचारा. सरकारी फिरत्या दवाखान्याचा १९६२ नंबर पण सेव्ह करा. महाशिवरात्रीच्या आसपास दिवस भरत असतील आणि तुम्ही त्र्यंबक रोडला असाल तर गर्दीत गाडी अडकणार हे धरूनच चाला, डॉक्टर त्याच बाजूचा बघा. आणि शिंगरू १८ ते २४ तासांचं झालं की त्याच्या रक्तात आईची प्रतिकारशक्ती उतरली का ह्याची टेस्ट करून घ्या, कमी निघाली तर प्लाझ्मा देता येतो, त्यासाठी दोन दिवस थांबू नका.