पाड्यावर गावठी कोंबडी : लस, राखण आणि विक्री मिळून कशी करावी

धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर, जव्हार-मोखाड्यात किंवा मेळघाटात कोंबडी नाही असं घर शोधावं लागतं. तरी तिथल्या मुलांच्या ताटात अंडं क्वचित दिसतं. याचं कारण हिशोबाचं आहे. पिल्लं मरतात म्हणून सगळी अंडी उबवायला ठेवली जातात, आणि तरीही पिल्लं मरतातच. पिल्लं जगली तर कमी अंडी उबवून भागतं, उरलेली खाता येतात. तेव्हा सुरुवात पिल्लं वाचवण्यापासून करायची.

आधी बचत गटाची किंवा पाड्याची बैठक घ्या आणि एकच सामूहिक शेड बांधायचा विचार सोडून द्या. शेड सगळ्यांची झाली की पहाटे उठून ती झाडणारं कुणी उरत नाही. खाद्य विकत आणावं लागतं आणि रोग शिरला तर सगळंच जातं. कोंबड्या ज्याच्या त्याच्या अंगणात राहू द्या. लस, आजारात राखण आणि विक्री ही तीन कामं मात्र मिळून करा.

लसीचं काम सर्वांत मोठं. गावठी कोंबड्यांचा मोठा शत्रू म्हणजे मानमोडी, म्हणजेच राणीखेत. मान वाकडी होते, हिरवी हगवण लागते आणि आठवडाभरात खुराडं रिकामं होतं. त्यावर औषध नाही, लस आहे. पण लसीची कुपी शंभर किंवा त्याहून जास्त पक्ष्यांची असते, आणि एकदा विरघळवली की दोनेक तासांत संपवावी लागते. आठ कोंबड्या असणारी बाई ती एकटीने कशाला घेईल? म्हणून दहा-बारा घरांनी एकत्र यायचं.

त्यासाठी अंडी एकाच आठवड्यात बसवा. खुडूक कोंबडीखाली दहा-बारा अंडी पुरेत, तीही आठवड्याच्या आतली. सातव्या रात्री बॅटरीच्या उजेडात पाहा, शिरा न दिसणारी अंडी काढून घ्या. एकविसाव्या दिवसाच्या आसपास सगळ्या घरांत पिल्लं निघतात आणि एकच कुपी सगळ्यांना पुरते.

पिल्लं आठवड्याची झाली की लासोटा लसीचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकात. आठव्या आठवड्याच्या सुमारास आर-टू-बी ही मानमोडीचीच दुसरी लस, पंखाखाली कातडीत अर्धा मिलि. पुढची मात्रा कधी द्यायची ते पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून ठरवा. कुपी बर्फ घातलेल्या थर्मासमधून आणा. आदल्या रात्री घरोघरी निरोप द्या की सकाळी खुराडं उघडू नका. एकदा कोंबड्या रानात गेल्या की संध्याकाळपर्यंत हाती लागत नाहीत. आजारी पक्ष्याला लस देऊ नका. टोचायला उमेदची (राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाची) पशुसखी, म्हणजे जनावरांच्या देखभालीचं शिक्षण घेतलेली गावातलीच बाई, असेल तर उत्तम. तिला दर पक्ष्यामागे रुपया-दोन रुपये द्याच, फुकटचं काम दुसऱ्या फेरीला बंद पडतं. आणि जो नको म्हणतो त्याच्या कोंबड्यांचे पैसे पहिल्या खेपेला गटाने भरावेत. लस न दिलेल्या कोंबड्या पाड्यात राहिल्या की रोगालाही घर राहतं.

पहिला महिनाभर पिल्लं दिवसा डालग्याखाली ठेवा, नाहीतर घार आणि मुंगूस हिशोब पुरा करतात. भरडलेला मका, नागली, कणी आणि उथळ भांड्यात पाणी एवढं बास. ओलं शेण-काडी भरून मडकं वारुळाजवळ पालथं घातलं तर त्यात वाळवी चढते; पिल्लांना याहून चांगलं खाद्य विकतही मिळत नाही. रात्रीसाठी बांबूचं, जमिनीपासून उंच खुराडं करा.

वनराजा, गिरिराज या सुधारित जाती अंडी जास्त देतात, पण सहसा खुडूक बसत नाहीत आणि वजनामुळे कुत्र्यापुढे पळता येत नाही. दोन हंगाम गावठीवरच हात बसू द्या. कडकनाथच्या जाहिरातींपासून तर लांबच राहा.

पुढे बैठकीत नियम करा की प्रत्येक वेतातली दहा अंडी उबवायची, बाकीची लहान मुलं आणि गरोदर बायांसाठी घरीच ठेवायची. एका अंड्यातून पाच-सहा ग्रॅम प्रथिनं मिळतात. विकायचे ते कोंबडे. होळीच्या आणि आखाडाच्या आधी भाव चढतो, तेव्हा सगळ्या घरांचे कोंबडे एकत्र करून वजनावर द्या. व्यापारी नजरेने भाव करतो, म्हणून काटा गटाचाच हवा.

बाजारातून आणलेली कोंबडी दोन आठवडे वेगळी बांधा. मेलेला पक्षी ओढ्यात न टाकता चुना घालून खोल पुरा. एकदम पुष्कळ पक्षी मेले तर त्यांना उघड्या हाताने शिवू नका, विकू नका, दवाखान्याला कळवा.

दिवाळीनंतर ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर जाणाऱ्या घरांचा प्रश्न उरतो. शेळी अर्धलीने देतात तशाच कोंबड्याही द्याव्यात. मूळ कोंबड्या मालकाच्या, निघालेली पिल्लं निम्मी-निम्मी. किती पक्षी सोपवले आणि मेलेल्याची भरपाई कुणी करायची, हे जाण्याआधीच गटाच्या वहीत लिहून दोघांचे अंगठे घ्या.